मालक कोण?

दिवाळी जवळ आली की आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात एक सोहळा होतो. त्याची नोंद कोणत्याही पंचांगात सापडायची नाही. सहकारी साखर कारखाना आपल्या सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतो. तिला आमच्याकडे 'दिवाळीची साखर' असेच म्हणतात. सभासद पिशवी आणि कार्ड घेऊन जातो, रांगेत उभा राहतो, साखर मोजून घेतो आणि घरी येतो. त्या साखरेच्या करंज्या होतात, चिरोटे होतात, शंकरपाळे होतात. यात वाईट काहीच नाही. गंमत आहे ती वाटपाच्या जागी लावलेल्या फलकाची. तेथे चेअरमनसाहेबांचे हात जोडलेले भले मोठे छायाचित्र असते आणि खाली लिहिलेले असते की, सभासद बंधूंना ही दिवाळीची भेट. सभासद तो फलक वाचतो आणि साहेबांचे उपकार मनात धरून घरी परततो.

आता या भेटीचा जमाखर्च मांडून पाहा. ऊस सभासदाचा, भागभांडवल सभासदाचे, आणि कायद्याच्या भाषेत सारा कारखानाच सभासदाचा. मग भेट कोणी कोणाला दिली? आपल्याच कोठारातले पायलीभर धान्य दिवाणजीने आपल्या पदरात घालावे आणि आपण दिवाणजीला वाकून नमस्कार करावा, तसे हे झाले. बरे, हे दिवाणजी केवळ दिवाणजी राहिले असते तरी फारसे बिघडले नसते. पण नमस्कार घेता घेता ते विधानसभेत जाऊन बसतात, आणि धन्याने दिवाणजीला कसे वागवावे याचा कायदाही तेच करतात!

माझे सारे म्हणणे एवढ्यातच आले. ज्याच्या हाती कारखान्याचा काटा आहे त्याच्या हाती कायद्याची लेखणी देऊ नये. आणि ज्याला लेखणी हवी असेल त्याने काटा खाली ठेवून यावे. सणासुदीला असला कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाच्या ताटातला निम्मा गोडवा ज्या वस्तूचा आहे तिच्याविषयी वर्षातून एकदा खरे बोलायला दिवाळीपेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

मी कोणी अर्थशास्त्री नव्हे. उसाच्या घरात जन्मलो, लेखणीवर पोट भरले, आणि नीरेच्या उजव्या कालव्यावर आमच्या घराण्याची थोडी जमीन आहे. म्हणून 'फड', 'खोडवा', 'आडसाली', 'उतारा' हे शब्द मला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. पुढे जे लिहितो आहे त्याला मी माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे गाव मुद्दाम निवडले आहे. महाराष्ट्रात कारखानदार आमदार कसा होतो, आणि त्याच्या आधी कारखानदार कोण असे, याची सारी हकीगत या एका गावाच्या आसपास उभी राहून सांगता येते.

आधी जुना कारखानदार पाहू. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशात साखरेचे कारखाने धडाधड निघू लागले. भाटघरच्या धरणाचे पाणी आमच्या कोरड्या माळावर खेळू लागले होते. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी आमच्याच तालुक्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसविले. आणि १९३४ मध्ये भोरचे वकील चंद्रशेखर गोविंद आगाशे यांनी 'बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट' ही कंपनी काढून श्रीपूरला कारखाना उभा केला. १९५६ साली वारेपर्यंत ते तिचे मॅनेजिंग एजंट होते.

'मॅनेजिंग एजंट' हा शब्द आजच्या तरुण वाचकाला ठाऊक नसेल. कंपनी भागीदारांची, पण तिचा कारभार कराराने एका माणसाच्या किंवा घराण्याच्या पेढीकडे दिलेला. भागीदारांनी वर्षातून एकदा सभेला यावे, चहा घ्यावा, लाभांश घ्यावा आणि गाडीला बसावे. बाकी सारे एजंट पाहील. या पद्धतीने देशात पुष्कळ कारखाने उभे राहिले हे कबूल केले पाहिजे. नवख्या माणसांच्या पैशाला जाणत्याचा हात मिळाला. पण दुसऱ्याच्या पैशावर आपली हुकमत आणि ती पिढ्यानपिढ्या, हा तिचा दोष होता. म्हणून कायद्याने ही पद्धत १९७० मध्ये देशातून हद्दपार केली. त्याच्या आधीच, १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने, खाजगी कारखान्यांच्या ताब्यातली उसाची जमीन काढून घेतली होती. म्हणजे जुन्या कारखानदाराचे दोन्ही हात सरकारने बांधले: एक जमिनीवरचा, दुसरा कंपनीवरचा. मी त्याबद्दल रडत नाही. चांगले झाले.

तिसरी गोष्ट पंढरपूरची. विठोबाच्या देवळात बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरेचे हक्क होते. देवाची सेवा करणारे हळूहळू देवाचे धनी झाले, अशी तक्रार वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. शेवटी १९७३ मध्ये सरकारने पंढरपूरच्या मंदिरांसाठी कायदा केला आणि ते हक्क रद्द केले. वाद कोर्टात चाळीस वर्षे चालला. २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने अखेरचा निकाल दिला.

अशा रीतीने अवघ्या बारा वर्षांत या भागातले तीन मालक कायद्याने गेले: जमिनीचा, कंपनीचा आणि देवाचा. आणि नेमक्या त्याच काळात, त्याच सरकारच्या मांडीवर, चौथा मालक वाढत होता. त्याचे बारसे सहकाराच्या मांडवात झाले, म्हणून त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही.

सहकाराची सुरुवात अशी नव्हती. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे-पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले आणि १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष कोण होते? विखे-पाटील नव्हेत. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. सुमारे दहा वर्षे ते त्या पदावर होते. ज्याने कष्ट केले त्याने खुर्ची दुसऱ्याला दिली, आणि ज्याला खुर्ची मिळाली त्याला तिच्या आधाराने आमदारकी नको होती. हा योग महाराष्ट्राला इतका शुभ वाटला की, त्याने तो पुन्हा म्हणून येऊ दिला नाही! पुढे कारखाना आणि मतदारसंघ हे जुळे भाऊ झाले. अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी कारखाना उभारला, तालुक्याचे राजकारणही तेच चालवीत. त्यांचे चिरंजीव विजयसिंह २००३ च्या डिसेंबरात राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. सोलापूर जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने उभे राहिले. त्यांतल्या कित्येकांच्या पाट्या वाचा. आमच्या राजकीय घराण्यांची वंशावळ तुमच्या तोंडपाठ होईल.

आणि श्रीपुरात, जेथे आगाश्यांनी कंपनीचा कारखाना काढला होता, तेथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आला. त्याचे नेतृत्व दीर्घकाळ सुधाकरपंत परिचारकांकडे होते. पंत पंढरपूर तालुक्यातले. १९८५ पासून २००९ पर्यंत ते सलग पाच वेळा पंढरपूरचे आमदार म्हणून निवडून आले. राज्य परिवहन महामंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ते वारले.

पंतांचे नाव घेतो आहे ते निंदेसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. काटकसरी, हिशेबी, साधा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि पांडुरंगचा कारभार नेटका म्हणून लोक त्याचे नाव घेत. वाईट माणसाचा दाखला देऊन एखादी पद्धत वाईट ठरविणे सोपे असते. त्यावर कोणीही म्हणेल की माणूस बदला, पद्धत राहू द्या. म्हणून मी चांगल्या माणसाचा दाखला घेतो. चांगल्याच्या हातीही जी व्यवस्था सभासदाला लहान करते, ती सामान्याच्या हाती काय करील याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पंढरपूरकर पंतांना काय म्हणत ठाऊक आहे? 'मोठे मालक'. प्रेमाने म्हणत, आदराने म्हणत. पण म्हणत 'मालक'. 'परिचारक' या शब्दाचा अर्थ सेवा करणारा. ज्याचे आडनाव सेवकाचे, तो ज्या संस्थेचा विश्वस्त, तिचे मालक कायद्याने हजारो सभासद. आणि ते हजारो मालक आपल्या सेवकाला हाक मारतात 'मालक'! कोणी लिहून घेतले नाही, कोणी सक्ती केली नाही. जे मॅनेजिंग एजंटाला कराराने मिळत असे ते येथे लोकांनी आपण होऊन तोंडाने दिले. करार कायद्याने मोडता येतो. तोंडाने दिलेले कोणत्या कायद्याने परत घ्यायचे? पंतांच्या मागून नेतृत्व त्यांचे पुतणे प्रशांत परिचारक यांच्याकडे आले. तेही विधान परिषदेचे आमदार होऊन गेले. कारखान्याच्या नावातही पंतांचे नाव जोडले गेले. आता त्या नावात परिचारक आधी येतात आणि पांडुरंग नंतर. देवळात जे १९७३ मध्ये मोडले ते कारखान्याच्या पाटीवर पुन्हा मांडले गेले, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

२०१९ ची विधानसभेची निवडणूक आठवा. वयाची ऐंशी ओलांडलेले पंत भारतीय जनता पक्षाकडून उभे. समोर राष्ट्रवादी काँग्रेसचे भारत भालके, विठ्ठल सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. एकीकडे पांडुरंग, दुसरीकडे विठ्ठल! पंढरीच्या मतदाराला वाटले असेल, कोणालाही मत द्या, ते एकाच देवाला पोचते. भालके जिंकले. २०२० च्या नोव्हेंबरात तेही गेले. २०२१ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले ते समाधान आवताडे. ते तेव्हा मंगळवेढ्याच्या दामाजी कारखान्याचे चेअरमन होते. २०२२ मध्ये विठ्ठल कारखान्याची सत्ता अभिजित पाटलांनी मिळविली. बंद पडलेले कारखाने चालवायला घेणारे उद्योजक म्हणून त्यांचे नाव झाले होते. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, ते माढ्याचे आमदार झाले. पक्ष बदलले, माणसे बदलली, पिढी बदलली. विधानसभेचा जिना मात्र साखरेच्या गोदामातूनच वर जातो.

यावर कारखानदारांचे वकील चार गोष्टी सांगतात. त्या क्रमाने पाहू.

पहिली अशी की, उद्योजकाला व्यवहार कळतो, पै-पैचा हिशेब कळतो. असा माणूस राज्याच्या कारभारात गेला तर राज्याचे कल्याण होईल. ऐकायला हे फार गोड आहे. पण उद्योजकाला हिशेब का कळतो? त्याचे स्वतःचे पैसे बुडतात म्हणून. सहकारी चेअरमनचे काय बुडते? भाग सभासदांचे, काही भांडवल सरकारचे, कर्ज बँकेचे आणि कर्जाला हमी पुन्हा सरकारचीच. गळीत चांगले झाले तर साहेबांची दूरदृष्टी. तोटा झाला तर दुष्काळ, बाजारभाव आणि केंद्राचे धोरण. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने कारखान्यांना कर्जे दिली. तिच्या संचालकांत बहुतेक पक्षांचे नामवंत होते. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून ते संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवावे लागले. कर्ज मागणारे, देणारे आणि हमी घेणारे एकाच पंगतीत बसले, तर वाढप्याला 'पुरे' कोण म्हणणार?

दुसरी गोष्ट अशी की, कारखान्याला मंत्रालयात आपला माणूस लागतो. परवाने, कर्जाची पुनर्रचना, इथेनॉलची मंजुरी, विजेचे करार, ही कामे साध्या चेअरमनकडून होत नाहीत. हे खरे आहे, आणि हीच शरमेची गोष्ट आहे. कामे हक्काची असतील तर ती आमदारावाचून का अडावीत? आणि हक्काची नसतील तर ती आमदारामुळे का व्हावीत? आज ज्याचा आमदार त्याचा कारखाना तरतो, असे असेल तर ज्याचा आमदार नाही त्या कारखान्याच्या सभासदांनी काय पाप केले? दोन कारखान्यांत किती अंतर असावे याचा नियम घ्या. केंद्राने ते १५ किलोमीटर ठरविले, महाराष्ट्राने २५ केले. नवा कारखाना जवळ आला तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळण्याचा संभव असतो. जुन्याला ऊस कमी पडण्याची भीती असते. नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे थोडे आहे, विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण ज्या सभागृहात जुने कारखानदार ओळीने बसलेले आहेत तेथे विरुद्ध बाजू मांडायला उठणार कोण?

ताजे उदाहरण याहून बोलके आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला पैसे द्यावेत. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यावे. किमान किती द्यायचे तो 'एफआरपी' केंद्र सरकार ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. आदेश इतका स्वच्छ आहे की शाळकरी पोराने वाचून दाखवावा. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने ठराव काढला की, ही रक्कम दोन हप्त्यांत दिली तरी चालेल! तो ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द करायला मार्च २०२५ उजाडला. मधल्या तीन वर्षांत शेतकऱ्याच्या पोरीची लग्ने ठरली असतील, सोसायटीचे कर्ज थकले असेल. त्याला कोणी हप्त्यांची सवलत दिली नाही. तेव्हा सरकार कोणत्या पक्षाचे होते, असे विचारू नका. कारखानदार सगळ्याच पक्षांत आहेत. तो एकच पक्ष असा आहे की जो निवडणूक कधी हरत नाही.

तिसरी गोष्ट: लोकच निवडून देतात, मग तुम्ही कोण? याचे उत्तर उसाच्या फडात उभे राहून द्यावे लागते. मत गुप्त असते. ऊस उघड्यावर असतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. पक्व झाल्यावर तो वेळेवर तुटला तर वजन आणि उतारा. महिना-दोन महिने रेंगाळला, तुरा आला, तर दोन्हींत घट. तोडीची पाळी कोण लावतो? कारखान्याचे शेतकी खाते. टोळी कोणाच्या रानात आधी घालायची? तेच. काटा कोणाचा? कारखान्याचा. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. गाळपाच्या हंगामाच्या अगदी तोंडावर. ज्याची वर्षा-दीड वर्षाची कमाई रानात उभी आहे आणि जिच्या तोडीचा निरोप उमेदवाराच्या कचेरीतून यायचा आहे, त्या माणसाला तुम्ही स्वतंत्र मतदार म्हणता?

आमच्या घरातली एक आठवण सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याला आता फार वर्षे झाली. एका हंगामात आमच्या आडसालीला तुरा आला तरी टोळी येईना. शेजारचा खोडवा तुटून गेला, त्याच्या पलीकडचा तुटून गेला, आमचा उभाच. वडील रोज चिटबॉयला विचारीत, "पाळी कधी रे?" तो बिचारा चप्पल घासत म्हणे, "अण्णा, वरून निरोप आला की लावतो." वर म्हणजे कोठे, हे वडिलांनी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. त्या वर्षी गावच्या निवडणुकीत आमची वस्ती साहेबांच्या विरुद्ध गेली, अशी बोलवा होती. कदाचित ती निव्वळ बोलवाच असेल. टोळ्या खरोखर कमी असतील. पण वडिलांनी पुढच्या निवडणुकीच्या वेळी, न विचारता, घरावर साहेबांचे निशाण लावले. कोणी धमकी दिली नव्हती. धमकीची गरज नव्हती.

उसाच्या काट्याविषयी शेतकऱ्यांच्या चळवळींनी 'काटामारी' हा शब्द प्रचारात आणला. वजनमापे खात्याची पथके येतात, तपासतात, काटा बरोबर असल्याचे लिहून देतात. अनेक ठिकाणी तो बरोबर असतोही. पण शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. का बसावा? पथक पाठविणाऱ्या सरकारला पाठिंबा देणारा आमदार आणि काट्याचा धनी एकच असेल, तर खऱ्या वजनाचीही किंमत खोट्याइतकीच होते. प्रामाणिक चेअरमनचे याहून मोठे नुकसान ते कोणते?

येथे मला इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या विणकरांची आठवण होते. सहकाराचे सारे जग त्यांना पूर्वज मानते. अठ्ठावीस माणसांनी पैसा-पैसा साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी एक लहानसे दुकान उघडले. विकायला काय ठेवले? पीठ, लोणी, साखर, ओटाचे पीठ आणि मेणबत्त्या. होय, साखरही! आणि त्यांचे मोठे व्रत काय? माल निर्भेळ आणि माप पुरे. गिरणीमालकांच्या गावात दुकानदार मापात मारीत, म्हणून सहकार जन्माला आला. त्यांनी दुसरा नियम केला तो असा की, भाग कितीही असोत, माणशी मत एकच. आमच्या १९६० च्या सहकार कायद्यातही तो नियम आहे. म्हणजे सहकाराची पायाभरणीच दोन दगडांवर झाली: खरा काटा आणि समान मत. आमच्याकडे दोन्ही दगड कोणाच्या खुर्चीखाली गेले ते वर सांगितलेच.

चौथी आणि शेवटची गोष्ट: "अहो, पण माणूस चांगला आहे." हे मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण पुष्कळदा ते खरे असते. चांगल्या मालकाच्या घरी गडी सुखी असतो. त्याला वेळेवर भाकर मिळते, आजारात औषध मिळते, पोराच्या शाळेची फी मिळते. आमच्या कारखान्यांनी शाळा काढल्या, महाविद्यालये काढली, दवाखाने काढले. ते मी नाकारीत नाही, त्यांच्याच आधाराने माझ्यासारखी कित्येक पोरे शिकली. परंतु या सगळ्यावर खर्च झालेला पैसा सभासदाच्या उसातला होता, आणि चांगल्या मालकाच्या घरीही गडी तो गडीच राहतो. सहकार जर शेतकऱ्याला चांगला मालक मिळवून देण्यासाठी असेल, तर कंपनीच्या जुन्या कारखानदारांनी काय घोडे मारले होते? तेही कामगारांना चाळी बांधीतच होते. सहकाराचे वचन निराळे होते. शेतकऱ्याला मालक मिळवून द्यायचा नव्हता, त्याला मालक करायचे होते.

तेव्हा मागणी साधी आहे, आणि ती कोणा एका पक्षाकडे नाही. केंद्रीय गृहखात्याने मंत्र्यांसाठी आचारसंहिता केलेली आहे. तिच्यात असे सांगितले आहे की, मंत्री होणाऱ्याने आपल्या पूर्वीच्या धंद्याच्या कारभाराशी संबंध तोडावा. मालकी सोडू नका, पण कारभार सोडा. तिच्यामागे कायद्याचे बळ नाही. पण तत्त्व मान्य आहे. मग तेच तत्त्व कायद्यात आणा, आमदार-खासदारांना लावा आणि सहकारी संस्थांनाही लावा. जो विधिमंडळात किंवा संसदेत निवडून येईल त्याने त्या मुदतीपुरते साखर कारखान्याचे, साखर संघाचे आणि जिल्हा बँकेचे संचालकपद सोडावे. आणि त्या जागी बायको, मुलगा, मुलगी, भाऊ किंवा पुतण्या बसवू नये. भरताने पादुका ठेवून राज्य केले ते एकदाच शोभले. काट्याची देखरेख सभासदांनी निवडलेल्या, संचालक मंडळाबाहेरच्या माणसांकडे द्यावी. तोडीची पाळी ऊस नोंदीच्या क्रमाने गावच्या चावडीवर लावावी, म्हणजे कोणाच्या वडिलांना चिटबॉयच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

हा कायदा कोण करणार? ज्यांनी खुर्ची सोडायची तेच! हे मला कळते. सरकार हा कायदा आपण होऊन करणार नाही, हे गृहीत धरूनच मी लिहितो आहे. देवळाचा कायदाही बडव्यांनी केला नव्हता. वारकऱ्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, तेव्हा कोठे तो झाला. वारकऱ्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, धनी कोण आणि सेवक कोण याविषयी आपल्या मनात गोंधळ होऊ दिला नाही. सभासदाने तेवढेच करायचे आहे.

कारखान्याची वार्षिक सभा असते. अहवाल वाचला जातो, वाचणारा श्वास घ्यायच्या आत मांडवातून "मंजूर! मंजूर!" असा गजर होतो, आणि ज्या ठरावांत सभासदाचे लाखो रुपये अडकलेले असतात ते जेवणाच्या घंटेआधी पार पडतात. पुढच्या सभेला एका तरी सभासदाने उभे राहावे आणि नम्रपणे विचारावे की, अध्यक्षमहाराज, गेल्या हंगामात माझा ऊस चौदा दिवसांत चुकता झाला काय, आणि नसेल तर पंधरा टक्के व्याज कोणत्या पानावर मांडले आहे? प्रश्न विचारताना त्याने 'साहेब' म्हणावे, 'पंत' म्हणावे, 'दादा' म्हणावे, 'अण्णा' म्हणावे. आपल्या मराठीत आदराच्या शब्दांना तोटा नाही. 'मालक' मात्र म्हणू नये. तो शब्द त्याचा स्वतःचा आहे.